जन्मतः दुष्ट वंश आणि खेळातील नैतिक तोल : गॉब्लिनांच्या पोरांचे काय करावे?

अंबाझरीकर (प्रश्न)

नमस्कार. आमची नागपुरातील एक छोटी खेळमंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाची दीर्घ मोहीम खेळत आहे. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकांतले आहेत आणि डंजन मास्टरची, म्हणजे जग आणि गोष्ट चालवणाऱ्या सूत्रधाराची, जबाबदारी माझ्याकडे आहे. जग मी स्वतः रचले असून त्याचा भूगोल बराचसा विदर्भाचाच आहे : पश्चिमेला काळ्या जमिनीचा कापसाचा पट्टा, पूर्वेला साग आणि बांबूचे रान, आणि त्या रानाच्या कडेने भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांसारखे जुने तलाव. दैवते, राज्ये आणि इतिहास कल्पित आहेत. गॉब्लिन (टोळ्या करून राहणारा बुटका वंश) मात्र मी 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळातील प्राण्यांच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचलले, म्हणजे 'न्यूट्रल ईव्हल' अशा दुष्ट अलाइनमेंटचे (नैतिक कलाचे), मॅग्लुबियेट या क्रूर देवाचे उपासक आणि लुटीवर जगणारे.

गेल्या बैठकीत पात्रांनी गॉब्लिनांच्या गुहेतील लढाई जिंकली आणि ती आतल्या दालनात शिरली, तेव्हा तिथे गॉब्लिन बाया, म्हातारे आणि पोरे लपून बसलेली आढळली. ती मीच तिथे ठेवली होती, कारण जिथे वस्ती आहे तिथे कुटुंबे असणारच. पॅलाडिन (धर्मनिष्ठ योद्धा) खेळणाऱ्या मित्राचे म्हणणे असे पडले की, हा वंश दुष्ट आहे असे पुस्तकच सांगते, ही पोरे मोठी झाली की तीही गावे लुटणार, तेव्हा आज त्यांना संपवणे हे सत्कृत्यच ठरते. क्लेरिक (देवाचा पुजारी) खेळणाऱ्या मैत्रिणीने ठामपणे सांगितले की, शरण आलेल्या पोरांवर शस्त्र उचलणारा कोणत्याही दयाळू देवाचा भक्त राहू शकत नाही. दोघांनीही नियमांचाच आधार घेतला होता. वाद वाढत चालला तसा मी डाव थांबवला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, विचार करू शकणारा, बोलू शकणारा एखादा संपूर्ण वंश जन्मतःच दुष्ट आहे, असे जग रचावे का? आणि तसे रचायचे नसेल, तर गॉब्लिन म्हणजे हिरव्या कातडीची माणसेच उरतील आणि अद्भुत जगाचे वेगळेपण पुसले जाईल, ही भीती कितपत खरी आहे? दुसरी गोष्ट माझ्या विश्वरचनेची आहे. त्यात सुष्ट आणि दुष्ट देव समान बळाचे आहेत आणि ड्रुइडांचा (निसर्गपूजक पुजाऱ्यांचा) एक पंथ त्यांच्यातील तोल राखतो. दुष्ट वंश काढून टाकले, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचे, हे मला अजून उमगलेले नाही. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुने_फासे

हा पेच खेळाच्या जन्मापासूनचा आहे, आणि तो कुठून आला हे पाहिले की बाहेर पडण्याची वाटही दिसू लागते, म्हणून थोडे मागे जातो.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा अलाइनमेंट तीनच होत्या : लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अनियम). ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेली होती, आणि खेळाचे मूळ छोट्या पुतळ्यांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात असल्यामुळे ती विभागणी मुख्यतः कोण कोणत्या बाजूने लढणार एवढेच सांगत असे. सुष्ट आणि दुष्ट हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला आणि १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये नऊ अलाइनमेंटचा तक्ता पक्का झाला. तिथून पुढे गॉब्लिन किंवा ऑर्क (धिप्पाड, लढाऊ वंश) हा विरुद्ध पक्षाचा शिपाई एवढाच राहिला नाही, त्याच्या अंतःकरणावरच शिक्का बसला.

या शिक्क्याइतकीच महत्त्वाची दुसरी बाब म्हणजे बक्षिसाची पद्धत, आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पात्राची पातळी वाढवणारे अनुभवगुण जुन्या नियमांत मुख्यतः खजिन्याचे मिळत : गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक गुण. १९८१ च्या बेसिक संचात एका गॉब्लिनला मारण्याचे अवघे ५ गुण होते आणि फायटरला (साध्या योद्ध्याला) दुसरी पातळी गाठायला २,००० गुण लागत. म्हणजे केवळ गॉब्लिन मारून वर चढायचे ठरवले, तर एकट्या फायटरला ४०० गॉब्लिन मारावे लागले असते, तेही स्वतःचे मोजके प्राणांक सांभाळून. शहाणा खेळाडू साहजिकच गॉब्लिनांना चुकवून, फसवून, प्रसंगी लाच देऊन खजिना पळवत असे. तुम्ही जे २०१४ चे नियम वापरता, त्यांत एका गॉब्लिनचे ५० गुण आहेत आणि दुसरी पातळी ३०० गुणांवर येते. म्हणजे सहा गॉब्लिन पुरे. वाटाघाटीने किंवा युक्तीने अडथळा पार केल्यास गुण देण्याची मुभा त्या पुस्तकांतही आहे, परंतु बहुतेक मेजांवर गुण मोजले जातात ते पडलेल्या शत्रूंचेच.

ज्या खेळात मारणे हीच मुख्य कमाई असते, त्या खेळाला मारल्याचे पाप लागणार नाही असे शत्रू सतत पुरवावे लागतात. जन्मतः दुष्ट वंश ही सोय त्यासाठी फार कामाची ठरली, असे माझे मत आहे. तेव्हा अंबाझरीकर, तुमच्या पॅलाडिनला दोष देण्याआधी तुमच्या मेजावर गुण कशाचे मिळतात ते तपासून पाहा.

जुन्या नियमांत आणखी एक रिवाज होता. प्राणी समोर आला की डंजन मास्टर सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्याची प्रतिक्रिया ठरवी. बेरीज २ आली तर तत्काळ हल्ला, १२ आली तर मैत्री, आणि मधल्या बेरजांवर संशय, दरडावणी, सौदा किंवा निघून जाणे. 'केऑटिक' म्हणून नोंदलेल्या गॉब्लिनांनाही हाच फासा लागू असे. शिक्का कठोर होता, तरी भेटीचा शेवट काय होणार हे आधीच ठरलेले नसे.

पुढच्या आवृत्त्यांत हा शिक्काही हळूहळू सैल होत गेला. तिसऱ्या आवृत्तीत अलाइनमेंटच्या आधी 'नेहमी', 'सहसा', 'बरेचदा' असे शब्द आले. राक्षसलोकीच्या डीमनांना 'नेहमी' लागले, गॉब्लिनांना 'सहसा' आणि ऑर्कना 'बरेचदा'. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'च्या प्रस्तावनेत तर स्पष्ट म्हटले आहे की, दिलेली अलाइनमेंट ही केवळ प्रारंभीची सूचना असून डंजन मास्टरने ती हवी तशी बदलावी. त्यामुळे 'पुस्तकच सांगते' हा तुमच्या मित्राचा आधार त्या पुस्तकातच टिकत नाही.

याहून निर्णायक पुरावा पॅलाडिनच्याच पानावर आहे. जुन्या आवृत्त्यांत पॅलाडिनला समोरच्याचा दुष्टपणा थेट जाणवत असे. २०१४ च्या नियमांत त्याच्या 'डिव्हाइन सेन्स'ला तीनच प्रकारचे जीव कळतात : स्वर्गीय जीव, पाताळलोकीचे फीन्ड आणि मेल्यावरही वावरणारे मृतजीव. गॉब्लिन त्यात नाही, आणि कितीही नीच असला तरी माणूसही नाही. फीन्ड हा दुष्टपणापासूनच घडलेला असतो. तो आईच्या पोटी जन्मत नाही, वाढत नाही, शिकत नाही. गॉब्लिनचे पोर जन्मते, वाढते आणि समोर जे पाहते ते शिकते. तुमच्या जगाची रेघ नेमकी इथे ओढा, असे मी सुचवीन.

सीताबर्डीकर

वर लिहिलेल्या इतिहासाबद्दल आदर बाळगूनही मी दुसरी बाजू मांडू इच्छितो, कारण अलीकडे ती मांडणारे कमी झाले आहेत.

अद्भुतकथेला निखळ वाईटाची गरज असते. राक्षस गावाला रोज एक माणूस मागतो, भीम गाडाभर अन्न घेऊन जातो आणि त्याला मारतो. बकासुराचे बालपण कसे गेले, हे तिथे कोणी विचारत नाही, कारण त्या कथेचा विषय भीमाचे धैर्य आणि कुंतीचे औदार्य हा आहे. शत्रूच्या अंतरंगाची चौकशी प्रत्येक कथेत होऊ लागली, तर शौर्य, निष्ठा आणि त्याग यांच्याविषयी बोलायला जागाच राहणार नाही. आठवडाभर कार्यालयात खरे, गुंतागुंतीचे, अर्धे बरोबर आणि अर्धे चूक असे निर्णय घेणारी माणसे रविवारी संध्याकाळी फासे हाती घेतात, तेव्हा जिथे बरोबर आणि चूक लख्ख दिसते असे एखादे जग त्यांना हवे असेल, तर त्यात गैर काही नाही. ऑर्क म्हणजे पृथ्वीवरील कोणतीही जमात नव्हे. तो अंधाराला दिलेला आकार आहे.

२०२० च्या जूनमध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राउ (जमिनीखाली राहणारा एक वंश) यांना इतरांइतकेच नैतिक आणि सांस्कृतिक वैविध्य देण्याचे जाहीर केले, आणि २०२५ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तर ऑर्कची स्वतंत्र नोंदच उरलेली नाही. मला यात जगाची समृद्धी कमी झाल्यासारखे वाटते. अंबाझरीकरांना माझा सल्ला सोपा आहे : निखळ शत्रू हवा असेल तर त्याच्या गुहेत पोरे ठेवू नयेत. कथेचा करार आधी ठरवावा आणि तो मेजावरील सर्वांनी पाळावा.

महालची_वाचक

सीताबर्डीकर दादा, करार आधी ठरवावा हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. बकासुराचा दाखलाही चांगला आहे, परंतु त्याच भीमाची गोष्ट थोडी मागे-पुढे वाचावी, अशी माझी विनंती आहे. बकासुराला मारण्यापूर्वी भीमाने हिडिंब राक्षसाला मारले, आणि त्याची बहीण हिडिंबा हिच्याशी विवाह केला. त्यांचा मुलगा घटोत्कच पांडवांच्या बाजूने लढला आणि कर्णाच्या अमोघ शक्तीला सामोरा जाऊन मेला, म्हणून अर्जुन वाचला. द्रोणपर्वात पांडव शोक करत असताना कृष्ण मात्र आनंदित होतो आणि सांगतो की, कर्णाने याला मारले नसते तर पुढे मलाच मारावे लागले असते, कारण हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता. आयुष्य ज्यांच्यासाठी वेचले त्यांच्याच छावणीत त्याच्या जन्माचा शिक्का असा पुन्हा वर येतो. हा प्रसंग वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होते, आणि महाभारतकारांनी तो गाळला नाही याबद्दल कृतज्ञताही वाटते.

प्रह्लाद, बळी, विभीषण हीही याच कुळांतली नावे आहेत. देव आणि दैत्य एकाच कश्यपाची मुले आहेत. बळीला पाताळात घालवल्याची कथा सांगणारा आपला समाजच दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणतो, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये त्या बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे आणले. उलट १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस पोचला, तो वाघाच्या तोंडाचा एक दुष्ट प्राणी म्हणून. २०१४ च्या नियमांत त्याचे तळवे उलटे असतात आणि सत्प्रवृत्त व्यक्तीच्या हातातील जादूच्या टोकदार शस्त्राने त्याला दुप्पट इजा होते. नियम म्हणून ही कल्पना मला आवडते, परंतु घटोत्कच त्या पानावर मावत नाही.

ऑर्क म्हणजे कोणतीही खरी जमात नव्हे, हे मला मान्य आहे. माझी हरकत युक्तिवादाच्या घडणीला आहे, कारण ती घडण काल्पनिक नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. त्या कायद्याखाली अख्ख्या जमाती गुन्हेगार म्हणून अधिसूचित होत. एखाद्या माणसाने काय केले हे सिद्ध करण्याची गरज नव्हती, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी आणि काही ठिकाणी कुंपणाआडच्या वसाहती, असे ते जिणे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या, पण आजही एखाद्या गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर जाते, हे विदर्भात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. 'ही पोरे मोठी झाली की तीही लुटणार' हे वाक्य त्या बेड्यावर वाढलेल्या मुलाने आपल्या मेजावर बसून ऐकले, तर त्याला ते कसे वाटेल, याचा विचार करावा.

हेच वाक्य खेळाच्या इतिहासातही आहे. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतील सँड क्रीक येथे कर्नल शिव्हिंग्टनच्या सैन्याने शायान आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला आणि मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारे होते. मुलांना का मारायचे, तर लिखांच्याच उवा होतात, असे उत्तर त्याच्या नावावर सांगितले जाते. शरण आलेल्या दुष्ट शत्रूंशी पॅलाडिनने कसे वागावे, या २००५ मधील चर्चेत खुद्द गायगॅक्स यांनी हेच वचन पसंतीने उद्धृत केले. खेळाच्या निर्मात्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे ठिकाण नजरेआड करू नये असे वाटते.

आता निखळ वाईटाविषयी. ते कथेत असावे, या मताची मीही आहे, आणि त्यासाठी नागपुराबाहेर जायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते. आदले काही दिवस लोक तिला हार घालतात, लहान मुलांना तिच्या पायाशी आणतात, आणि मग 'रोगराई घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्यांत ती गावाबाहेर नेऊन जाळतात. बरोबरच्या बडगे नावाच्या पुतळ्यांवर त्या वर्षीची महागाई असते, भ्रष्टाचार असतो, साथीचा आजार असतो. वाईट इथे पूर्ण वाईट आहे आणि ते जाळायचेच आहे, पण त्याला वंश नाही. ते कोणाच्याही घरात शिरू शकते आणि म्हणून प्रत्येक घरातून काढावे लागते. अंबाझरीकर, तुमच्या जगात असे काहीतरी रचा : रोगासारखी पसरणारी, माणसालाही धरणारी आणि गॉब्लिनलाही धरणारी शक्ती. तिच्याशी लढताना पॅलाडिनला आपली तलवार आवरावी लागणार नाही.

फुटाळा_गेमर

संगणकीय खेळांचा अनुभव थोडक्यात जोडतो. १९९४ च्या पहिल्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये ऑर्क केवळ आक्रमक होते. २००२ च्या तिसऱ्या खेळात कळते की मॅनोरॉथ नावाच्या डीमनचे रक्त प्यायल्यामुळे त्यांच्यात ती रक्तपिपासा आली, आणि पराभवानंतर माणसांनी त्यांना छावण्यांत कोंडले. थ्रॉल हा अशाच बंदिवासात वाढलेला नायक आहे. २००४ पासून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये लक्षावधी लोक आवडीने ऑर्क म्हणून खेळत आले आहेत. यामुळे ऑर्क हिरवी माणसे झाली, असे मला कधीच वाटले नाही. उलट त्यांची घरे, त्यांचे शमन, मान-अपमानाच्या त्यांच्या कल्पना हे सारे दिसू लागले, कारण ऑर्क निव्वळ शत्रू राहिले नाहीत.

एक सावधगिरी मात्र सांगतो. शापामुळे किंवा रक्तामुळे दुष्ट झाले, अशी सबब दिली की त्यांच्या अपराधाची जबाबदारीही नाहीशी होते. महालच्या ताईंनी सुचवलेली शक्ती वापरणार असाल, तर तिला वश होणे किंवा न होणे यात थोडी तरी निवड ठेवा.

अंबाझरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या प्रश्नाचा निकाल माझ्यापुरता लागला आहे. फीन्ड आणि मृतजीव दुष्टच राहतील, गॉब्लिन राहणार नाहीत, आणि पुढील बैठकीआधी हे मी सर्वांना सांगून त्यांची संमती घेईन. सीताबर्डीकर, कराराचा मुद्दा माझ्याकडून सुटला असता, तो तुमच्यामुळे ध्यानात आला. दुसरा प्रश्न, तोलाचा, तेवढा राहिला आहे. त्यावर कोणी लिहील का?

जुने_फासे

लिहितो, कारण या कल्पनेने खेळात बराच गोंधळ घातला आहे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये खऱ्याखुऱ्या न्यूट्रल पात्राचे एक उदाहरण दिले आहे. दुष्ट नॉलांच्या (तरसाच्या तोंडाच्या प्राण्यांच्या) टोळीला आवरण्यासाठी एखादा ड्रुइड सरदाराच्या बाजूने लढतो, पण नॉलांचा समूळ नाश होण्याची वेळ आली की तो लढाई सोडतो किंवा नॉलांकडे जातो, कारण तोल बिघडता कामा नये. कागदावर हे गंभीर तत्त्वज्ञान वाटते. प्रत्यक्ष मेजावर मात्र असे पात्र प्रत्येक जिंकणाऱ्या बाजूचा विश्वासघात करत सुटते आणि कोणाचेच सोबती राहत नाही.

मूळ चूक अक्षाची आहे. मूरकॉक यांच्या कथांतील तराजूत लॉ आणि केऑस ही पारडी आहेत. नियम पूर्ण जिंकला तर जग गोठते, अनियम पूर्ण जिंकला तर कोणताच आकार टिकत नाही, म्हणून दोहोंचा तोल राखण्यात अर्थ आहे. खेळाने तोच तराजू उचलून सुष्ट-दुष्टाच्या अक्षावर टांगला, आणि तिथे तो बसत नाही. गावातील आरोग्य फार वाढले म्हणून थोडा पटकी आणून सोडावा, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही.

१९८४ पासूनच्या 'ड्रॅगनलान्स'च्या जगात हा घोळ आणि त्यातून निघणारी वाट दोन्ही सापडतात. इस्तार नगरीचा किंगप्रीस्ट सुष्टतेच्या नावाने दुष्ट ठरवलेल्या वंशांचा उच्छेद मांडतो, मनातल्या विचारांनाही शिक्षा करू लागतो आणि शेवटी देवांनाच आज्ञा द्यायला निघतो, तेव्हा देव त्याच्या नगरीवर जळता पर्वत टाकतात. त्या मालिकेचे निवेदन याला सुष्टतेचा अतिरेक म्हणते. मला ते पटत नाही. दयेचा अतिरेक झाला म्हणून कोणी कोणाचा उच्छेद करत नाही. किंगप्रीस्टपाशी दया उरलीच नव्हती, उरली होती ती सत्ता आणि आपणच शुद्ध असल्याची खात्री. त्या जगातील दुष्टांची नोंद करायची झाली, तर त्याचे नाव वरच्या ओळींत येईल.

तेव्हा तुमच्या ड्रुइडांना दुसरा तराजू द्या, आणि तो तुमच्या भूगोलात आयताच पडलेला आहे. तलाव बांधणारी, पाळ्या लावणारी, पाणी मोजून देणारी वस्ती एका बाजूला, आणि ज्या रानात ते पाणी पसरते ते रान दुसऱ्या बाजूला. दोन्हींशिवाय जगणे नाही, दोन्हींपैकी एकच उरले तर नाश आहे, आणि यातली कोणतीही बाजू दुष्ट नाही. गॉब्लिनांची गुहा तलावाच्या पाळीमागे का आहे, ते गावे का लुटतात, यांची उत्तरे तुम्हाला तिथे मिळतील. तलावाची उंची वाढवल्यामुळे त्यांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली असेल. लुटीत माणसे मेली असतील, तर ती हत्या खरीच आहे आणि तिचा जाबही मागितला पाहिजे. पण जाब ज्याने केले त्याच्याकडे मागायचा असतो, आणि तो मागण्याचे धैर्य असलेला पॅलाडिन मला जास्त आवडेल.

अद्भुताचे वेगळेपण जाईल, या तुमच्या भीतीबद्दलही एक सांगतो. २००४ मध्ये कीथ बेकर यांचे 'एबेरॉन' जग आले. त्यात गॉब्लिनांचे माणसांच्या आधीचे प्राचीन साम्राज्य आहे आणि जगाला परलोकातील आक्रमणापासून वाचवणारे पहिले ड्रुइड ऑर्क आहेत. वेगळेपण इतिहासातून, स्मृतीतून, शरीराच्या घडणीतून येते. अंधारात पाहू शकणारा समाज दिवसाचे सण कसे साजरे करेल, एवढा एक प्रश्न धरलात तरी बैठकीला पुरेल इतके सापडेल.

सीताबर्डीकर

तलावाची कल्पना उत्तम आहे. घटोत्कचाचा प्रसंग मी या दृष्टीने वाचला नव्हता, तो पुन्हा वाचेन. निखळ शत्रू हवा, हे माझे मत कायम आहे, आणि फीन्ड ते काम करतील असे दिसते.

अंबाझरीकर

माझी शेवटची अडचण नियमांपुरती आहे. गुहेत जे गॉब्लिन योद्धे अजून उभे आहेत, ते शरण येतील की मरेपर्यंत लढतील, हे मी मनाने ठरवले तर पॅलाडिन खेळणाऱ्या मित्राला मी क्लेरिकची बाजू घेतली असे वाटेल. फाशांवर सोपवण्याची काही सोय आहे का?

जुने_फासे

आहे. २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये मोरेलचा, म्हणजे लढण्याच्या धीराचा, ऐच्छिक नियम आहे. म्होरक्या पडला, किंवा समोरच्या बाजूचे कोणी न पडता टोळीतले निम्मे गारद झाले, की विझ्डमचा (शहाणपणाचा) सेव्हिंग थ्रो १० च्या कठीणतेला टाकायचा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात विझ्डमचा अंक मिळवून बेरीज किमान १० यावी लागते. तो चुकला तर टोळी पळते, आणि पळायला वाट नसेल तर शरण येते. गॉब्लिनांना विझ्डममध्ये उणे एक आहे, त्यामुळे वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त आले तरच ते लढत राहतील. फासा सर्वांसमोर टाका, आणि शरण आलेल्यांचे पूर्ण ५० गुण सर्वांना द्या, हे टाकण्याआधीच सांगून ठेवा.